सात सह्यांच्या पुढे

संस्था काढण्यासाठी कायद्याला सात माणसे लागतात. १८६० सालचा संस्था नोंदणी कायदा एवढेच मागतो: उद्देशपत्र आणि त्याखाली सात सह्या. सहकारी संस्था असेल तर सर्वसाधारणपणे दहा जण, तेही निरनिराळ्या कुटुंबांतील. या सह्या कशा गोळा होतात हे कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावयास नको. पुढाकार घेणारा स्वतः, त्याची पत्नी, एक मेहुणा, ओळखीचे निवृत्त मुख्याध्यापक, 'सही कुठेही करतो, पण बैठकीला बोलावू नका' असे बजावणारा एक डॉक्टर, आणि उरलेल्या दोन जागांसाठी त्या संध्याकाळी घरी सापडतील ते दोघे. संस्था नोंदली जाते, फलक लागतो, उद्घाटनाला पुढारी येतो. दहा वर्षांनी संस्थेच्या खात्यात लोकांचे काही लाख रुपये जमलेले असतात, दोन नोकर असतात, एखादा खटला असतो. तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात येते की संस्थेला कार्यकारी मंडळ असे कधी नव्हतेच. होत्या त्या सात सह्या.

नागपूरच्या दक्षिण अंगाचे बेसा हे गाव या दुखण्याचा विचार करण्यास सोयीचे आहे. वर्धा मार्गावरून रूळ ओलांडून शहर मनीषनगरात शिरले आणि तेथून बेलतरोडी, बेसा, घोगली, पिपळा असे पसरत गेले. शेते विकली गेली, ले-आउट पडले, ले-आउटांवर सदनिकांच्या योजना उभ्या राहिल्या. ग्रामपंचायत जाऊन तिच्या जागी बेसा-पिपळा नगरपंचायत आली. जमिनीचे नियोजन करणाऱ्या संस्था मात्र वरून नेमलेल्या. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने जन्मलेला आणि त्याचा कारभार नावाप्रमाणेच विश्वस्तांच्या हाती. महानगर प्रदेश विकास प्राधिकरण त्यानंतरचे. विकासशुल्क भरणाऱ्या बेसावासी माणसाने या विश्वस्तांना कधी निवडले नाही आणि त्यांना जाब विचारण्याची सोयही त्याच्यापाशी नाही. म्हणजे ज्या मंडळांवर कोणाला बसवायचे हे येथील रहिवासी खरोखर स्वतः ठरवितो ती मंडळे फार थोडी उरतात: नगरपंचायत, आणि त्याच्या स्वतःच्या संस्था. गृहनिर्माण सोसायटी, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील सदनिकाधारकांचे मंडळ, पतसंस्था, वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचा संघ, एखादी शाळा. वरच्या विश्वस्तांविरुद्ध मोर्चा काढणाऱ्याने आपल्या जिन्याखालचे मंडळ कसे भरले आहे हे एकदा पाहावे.

ते कसे भरते? पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून पहिली सभा होते. पाण्याचा टँकर, गळणारी गच्ची, बिल्डरने न दिलेली कागदपत्रे यांवर दोन तास आवेशाने बोलणे होते. मग 'सचिव कोण होणार?' असा प्रश्न निघताच सर्वांचे लक्ष एकाएकी आपापल्या चपलांकडे जाते. शेवटी अध्यक्षपद सर्वांत वयस्कर गृहस्थांना, सचिवपद ज्याला नकार देता येत नाही त्याला, आणि कोषाध्यक्षपद जो त्या दिवशी बाहेरगावी गेला आहे त्याला. महिलांसाठी राखलेल्या जागांवर दोन नावे लिहिली जातात आणि बैठकीला त्यांचे पतिराज येऊन बसतात. एकमताने निवड झाली म्हणून टाळ्या पडतात. या एकमताचा अर्थ एवढाच, की कोणालाच ते काम नको होते.

सार्वजनिक कार्याच्या संस्थांत नेमके उलट घडते आणि फळ तेच मिळते. तेथे जागा कोणाला नको असतात असे नाही. त्या कोणाला द्यायच्या हे पत्रशीर्षावरून ठरते. कागदाच्या डाव्या समासात एक माजी न्यायाधीश, एक सनदी लेखापाल, एक उद्योजक, एक माजी आमदार यांची नावे ओळीने छापली की देणगीदाराला धीर येतो, कचेरीतला कारकून जरा अदबीने बोलतो. कार्यकर्त्याला हे हवे असते आणि त्यात त्याचा स्वार्थ नसतो हेही मान्य केले पाहिजे. नियमित अनुदान नाही, जागा नाही, ओळख नाही अशा स्थितीत एका वजनदार नावाने सहा महिन्यांचे हेलपाटे वाचतात. पण त्या गृहस्थांना तो सांगतो काय? 'तुम्हाला काही करावे लागणार नाही, फक्त नाव हवे आहे.' ज्या माणसाला प्रवेशाच्या वेळीच काही न करण्याचे आश्वासन दिले गेले, त्याच्याकडून पुढे हिशेब तपासण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

नागपूर जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ च्या सुमारास खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी सुमारे दीडशे कोटी रुपये दिले. रोखे बँकेच्या हाती आले नाहीत, पैसेही परत आले नाहीत. हा पैसा धान आणि कापूस पिकविणाऱ्यांच्या सोसायट्यांचा, शिक्षकांच्या पगारखात्यांचा, म्हाताऱ्यांच्या ठेवींचा. खटला दोन दशके चालला. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. त्याविरुद्ध अपील झाले. गुन्हा कोणाचा आणि किती, हे न्यायालयांनी ठरवावे. पण सहकाराच्या कार्यकर्त्याला दुसरा एक प्रश्न पडला पाहिजे आणि तो निकालाने मिटणारा नाही. जिल्हा बँकेच्या संचालक मंडळात माणसे काही थोडी नसतात, आणि प्रत्येक जण कोठल्या तरी तालुक्याचा, सोसायटीचा प्रतिनिधी म्हणून तेथे जातो. इतक्या मोठ्या रकमेचा कागद समोर आल्यावर 'रोखे कोठे आहेत, दाखवा' असा साधा, खेडवळ प्रश्न विचारण्याची सवय अशा मंडळांत असते काय? बाजारात बैल घेताना शेतकरी आधी दात पाहतो. तोच शेतकरी संचालक झाल्यावर कागदावरच्या बैलाला हात का लावत नाही?

कारण त्याला तेथे निवडून आणले गेले ते प्रश्न विचारण्यासाठी नव्हे. गटाने त्याला जागा दिलेली असते. तो त्या गटाचा ऋणी असतो. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने मे २०११ मध्ये बरखास्त केले, तेव्हा त्या मंडळात महाराष्ट्राच्या राजकारणातील निरनिराळ्या पक्षांची वजनदार मंडळी होती. तेथे शिकलेली, अनुभवी, कायदा जाणणारी माणसे कमी होती असे कोणी म्हणणार नाही. उणीव असलीच तर ज्याला त्या मंडळाबाहेर काही मिळवायचे नाही अशा माणसाची होती. ९७ व्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून सहकारी संस्थांच्या मंडळांवर एकवीस संचालकांची मर्यादा घातली, महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा ठेवल्या, बँकिंग वा व्यवस्थापन जाणणारे दोन तज्ज्ञ घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०१३ साली आपल्या सहकार कायद्यात तसे बदल केले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्ती राज्यांच्या सहकारी संस्थांपुरती रद्द ठरविली, तरी महाराष्ट्राचा कायदा आपल्या जागी राहिला. तरतुदी बऱ्या आहेत. पण तज्ज्ञ कोण हे जर तोच गट ठरविणार असेल, तर एकविसांचे तेवीस होतात, एवढेच.

याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की जी प्रत्येक नव्या समिती सदस्याला पहिल्याच दिवशी वाचून दाखवावी. समितीच्या निर्णयांची जबाबदारी सर्व सदस्यांवर संयुक्त आणि वैयक्तिक आहे. संस्थेचे नुकसान झाले तर ८८ व्या कलमाखाली ते संबंधितांकडून वसूल होऊ शकते. मात्र ज्याला एखादा निर्णय पटला नाही त्याला आपला विरोध इतिवृत्तात नोंदविण्याचा हक्क आहे, आणि ज्याने तो नोंदविला त्याच्यावर त्या निर्णयाची जबाबदारी येत नाही. म्हणजे कायद्याने मतभेदाला ढाल दिली आहे. आपल्या संस्थांच्या कार्यवृत्तांत ही ढाल क्वचितच उचललेली दिसते. पानेच्या पाने 'सर्वानुमते मंजूर'. सचिवाने बैठकीपूर्वीच लिहून ठेवलेले इतिवृत्त आणि घरोघर फिरणारी सह्यांची वही ही आपल्याकडची खरी कार्यपद्धती आहे. बेसातील एखाद्या सोसायटीत गच्चीच्या दुरुस्तीचा ठेका तीन दरपत्रकांऐवजी एकाच दरपत्रकावर दिला जातो आणि जिल्हा बँकेत दीडशे कोटी जातात. दोहोंत रकमेचा फरक मोठा आहे, सवयीचा फारसा नाही.

पूर्वी सारे चांगले होते असे सांगण्याचा येथे हेतू नाही. पूर्वीही भांडणे होती. पण ती कशावरून होत हे पाहण्यासारखे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली तेव्हा तिच्यापाशी प्रतिष्ठितांचे कौन्सिल होते आणि प्रत्यक्ष शिकविणाऱ्या आजीव सभासदांचे मंडळही होते. आजीव सभासदाने आपला सारा वेळ संस्थेला द्यावा की उरलेल्या वेळात बाहेरची मिळकत करावी, या प्रश्नावरून मंडळात वाद पेटला, आणि टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती यावर आजही दोन मते होतील. समाजवादी वाचकाचा ओढा बहुधा आगरकरांकडे असेल. परंतु मंडळाच्या सदस्याने संस्थेला काय देणे लागते, हा प्रश्न त्या माणसांना इतका जिवंत वाटत होता की त्यावरून मैत्री तुटली. आज संस्थांत फूट पडते ती बहुतेक वेळा सदस्याने काय द्यावे यावरून नव्हे. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत १९५० च्या न्यास कायद्याखालचे बदल अर्ज पाहावेत: एकाच संस्थेची दोन मंडळे, दोन सचिव, दोन इतिवृत्तवह्या. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज द्यावयाचा असतो. त्यावरील तंटा मात्र त्या मंडळाची मुदत संपून गेली तरी संपत नाही.

बाहेरचा मोठा माणूस मंडळावर घेऊच नये काय? तसे नाही. धनंजयराव गाडगीळ हे १९०१ साली जन्मलेले. लोणीच्या ऊस उत्पादकांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या या संचालकाला त्यांनी अध्यक्ष केले आणि विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष राहिले. १९५०-५१ च्या पहिल्या हंगामापासून पुढची कित्येक वर्षे ही जोडी टिकली. शेतकऱ्यांच्या संस्थेत उसाचा एक कांडाही न पिकविणारा प्राध्यापक अध्यक्षस्थानी बसला, हे वरवर पाहता पत्रशीर्षावरचे नावच. फरक असा की गाडगीळ नावापुरते राहिले नाहीत. सरकारदरबारी बोलणी, भांडवलाची उभारणी, हिशेबाची शिस्त ही त्यांची बाजू; सभासदांचा विश्वास आणि ऊस ही विखे पाटलांची. कोणापाशी काय आहे आणि कोणापाशी काय नाही हे दोघांनाही ठाऊक होते. त्या पहिल्या कारखान्यानंतर महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांचे पीक आले आणि संचालक मंडळांत घराणी शिरली. तेथे मुलगा वडिलांची जागा घेतो आणि प्राध्यापकाला सत्कारासाठी बोलावले जाते. ही घसरण सहकाराच्या तत्त्वात नव्हती. मंडळावर कोणाला घ्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर बदलले, इतकेच.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेल्या चेतना सिन्हा तेथे म्हसवडला स्थायिक झाल्या आणि गावातल्या बायकांची सहकारी बँक काढण्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींचे अंगठे होते. निरक्षरांची बँक कशी चालणार, म्हणून अर्ज फेटाळला गेला. बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले की वाचता येत नसले तरी हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो. माणदेशी महिला बँकेला १९९७ साली परवाना मिळाला. ही गोष्ट कौतुकाने सांगून सोडून देण्याची नाही. जिचा आठवड्याचा बाजार कर्जाच्या हप्त्यावर अवलंबून आहे तिला मंडळावर बसून झोप येत नाही. व्याजाचा दर तिच्या दृष्टीने टिपणीतला आकडा नसतो. पत्रशीर्षावर तिचे नाव छापून कोणाला धीर येणार नाही, पण हिशेबाच्या वहीला तिचा धाक असेल.

बेसात अशी माणसे नाहीत काय? गावठाणात अजून जुनी कुटुंबे आहेत. त्यांनी जमिनी विकल्या, त्या जमिनींवरच्या सदनिकांत आता ती कामाला जातात. धुणीभांडी करणाऱ्या बाया, रात्रपाळीचे पहारेकरी, कचरा उचलणारे, टँकरचे चालक यांच्यावाचून येथील एकही सोसायटी आठवडाभर चालणार नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या समितीवर त्यांना कायद्याने जागा नाही, कारण ते सदनिकाधारक नाहीत, आणि पहारेकऱ्याचा पगार किती, त्याला रजा किती, हे ठरते त्या समितीत. ते राहू द्या. पण वस्तीतले वाचनालय, पतसंस्था, अभ्यासिका, आरोग्य केंद्र या संस्था कार्यकर्ते स्वतः काढतात. तेथे कोणता कायदा आड येतो? 'गरिबांसाठी' काढलेल्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर एकही गरीब नसावा, हे इतके अंगवळणी पडले आहे की कोणी त्याकडे बोट दाखविले तर तो उद्धटपणा वाटतो. उत्तर ठरलेले असते: 'त्यांना वेळ नसतो, बैठकीत बोलत नाहीत.' बैठक मंगळवारी सकाळी अकराला डॉक्टरांच्या सोयीने ठेवली, टिपणी इंग्रजीत वाटली, तर ते बोलणार कसे? रविवारी संध्याकाळी, हिशेब मराठीत आणि जमा-खर्च दोन रकान्यांत मांडून बैठक घेतली, की मग बोलतात की नाही ते पाहावे.

समाजवादी चळवळीत माणूस जोडण्याची कला कमी नव्हती. सेवादलाच्या शाखेवर मुले कशी आणावीत, संपाच्या काळात घरोघर धान्य कसे गोळा करावे, कोणाला कोणते काम झेपेल, हे जुन्या कार्यकर्त्यांना बरोबर कळत असे. लोहियांनी मतपेटीच्या बरोबरीने फावडे आणि तुरुंग मोजले. पण फावड्याच्या कामातून जी संस्था उभी राहते तिच्या मंडळाची भरती कशी करावी, याचा विचार फारसा झाला नाही. मोर्चासाठी माणूस निवडताना जी पारख होती ती विश्वस्त निवडताना बाजूला ठेवली गेली. मोर्चात हिंडणाऱ्यास कोणी 'फक्त नाव द्या' असे म्हटले नसते.

पारख करणे तसे अवघडही नाही. वार्षिक सभेत ताळेबंदाचे पान उलटून जो शंका विचारतो, ज्याला सारे जण कटकट्या म्हणतात, त्याच्याकडे पुढच्या वर्षी आधी जावे. ज्या बाईने बचतगटाची वही तीन वर्षे एकही आकडा न चुकता ठेवली, तिला कोषाध्यक्ष होण्यासाठी पदवी लागत नाही. तिच्या पतीला विचारू नये, तिला विचारावे. आणि विचारताना खरे सांगावे: महिन्याला दोन संध्याकाळी जातील, वर्षातून एकदा लेखापरीक्षणाच्या वेळी आठवडाभर बसावे लागेल, चेकवर सही करण्यापूर्वी पावती पाहावी लागेल, शेजाऱ्याला 'नाही' म्हणावे लागेल, आणि नुकसान झाले तर जबाबदारी येईल. हे ऐकून काही जण मागे सरतील. सरू द्यावेत. मंडळात पाच माणसे खरी असली तर तेरांची संख्या पुरी करण्याची घाई करू नये. नियमावली लिहिताना आकडा कमी ठेवणे संस्थापकांच्याच हाती असते. ज्या वजनदार गृहस्थांना वेळ नाही त्यांची एक सल्लागार समिती करावी, वर्षातून एकदा चहाला बोलवावे, मार्गदर्शन घ्यावे. त्यांचा मान राहतो, आणि सही करण्याचा अधिकार काम करणाऱ्यांकडे राहतो.

मग येते ते खरे अवघड, म्हणजे निवडलेल्या माणसांबरोबर काम करणे. येथे दोष बहुधा सदस्यांचा नसतो, संस्थापक कार्यकर्त्याचा असतो. हे वाक्य पुष्कळांना कडू लागेल. पंचवीस वर्षे खस्ता खाऊन ज्याने संस्था उभी केली, तिची प्रत्येक वीट ज्याला ओळखते, तो मंडळाला अडचण समजू लागतो. कार्यक्रमपत्रिका आदल्या रात्री निघते. हिशेब 'चालू आहेत'. चाव्या त्याच्याकडे, शिक्का त्याच्याकडे, बँकेतला साहेब त्याच्या ओळखीचा. नवा सदस्य पहिल्या बैठकीत काही विचारतो तेव्हा उत्तर मिळते की 'तुम्ही नवीन आहात, हळूहळू कळेल.' तिसऱ्या बैठकीनंतर तो येणे बंद करतो आणि संस्थापक खेदाने म्हणतो, आजकाल निष्ठेची माणसे मिळत नाहीत! भांडवलशाहीतील मालकाविषयी जे भाषण तो उत्तम करतो त्याचा विषय आपणही होऊ शकतो, हे त्याला कळत नाही, कारण त्याच्या खिशात खरोखरच काही आलेले नसते. पैशाचा अपहार न करताही संस्थेचा अपहार करता येतो.

यावर इलाज निरस आहेत. बैठकीची टिपणी आठ दिवस आधी हाती पडणे, बँकेचे उतारे दर महिन्याला कोषाध्यक्षाबरोबर आणखी एका सदस्याने पाहणे, इतिवृत्त बैठकीतच लिहून वाचून दाखविणे, ज्याच्या नातेवाइकाचा ठेका असेल त्याने त्या विषयापुरते बाहेर बसणे, दोन मुदतींनंतर पद सोडणे. सचिवाने दर वर्षी एखादे काम दुसऱ्याकडे सोपवावे आणि ते थोडे वाईट झाले तरी सोसावे. शेवटची अट सर्वांत कठीण.

संस्थांपुरते जे खरे तेच उद्योगांनाही लागू आहे, आणि तेथील लढाई जुनी आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७० च्या कायद्याने त्यांच्या संचालक मंडळांवर एक कामगार संचालक घेण्याची तरतूद झाली. १९७६ साली घटनेत ४३-अ कलम आले आणि व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांत निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा केला. आपल्याकडे २०१४ नंतर सरकारी बँकांतील कामगार संचालकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या गेल्याची तक्रार बँक कर्मचारी संघटना करीत आल्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक आणि हमाल यांना मंडळावर सारख्या संख्येने बसविले, ही महाराष्ट्राची खरी कमाई. तीही मंडळे वेळेवर नेमली गेली नाहीत तर अधिकाऱ्याच्या हाती जातात. रिकामी खुर्ची फार काळ रिकामी राहत नाही. सरकारच्या या वृत्तीविरुद्ध बोलण्याचा चळवळीला पूर्ण अधिकार आहे, पण आपल्या संस्थेच्या मंडळावर आपल्याच शिपायाला कधी बसविले होते काय, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असावे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. बेसातील सोसायट्यांचे फलक ऑगस्टपासून नोटिसांनी भरतात: मागील इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद मंजूर करणे, लेखापरीक्षक नेमणे, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. पंधरा-वीस जण येतात, गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि नंतर त्याच जागी तितक्याच लोकांत भरते. तेथे राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी या वर्षी एवढे करावे. नोटीस लागल्याच्या दिवशी ताळेबंदाची प्रत मागून घ्यावी, आपल्या मजल्यावरच्या चार घरांत ती घेऊन बसावे, सिंकिंग फंडाचे पैसे कोणत्या बँकेत, कोणाच्या सहीने, कोणत्या मुदतीसाठी ठेवले आहेत तेवढे पाहावे, आणि हे पाहताना ज्या घरातून सर्वांत अधिक प्रश्न निघतील त्या घराचे नाव लिहून ठेवावे. समितीची पुढची निवडणूक येईल तेव्हा उमेदवार शोधत फिरावे लागणार नाही.